लाडवांचा वास की एमएसयूडी? निदानाचा माझा अनुभव

मेपल सिरप युरिन डिसीज (एमएसयूडी) म्हणजे प्रथिनांतली ल्युसीनसारखी अमिनो आम्लं शरीराला मोडता न येण्याचा आनुवंशिक आजार. तो जगात साधारण १ लाख ८५ हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत मात्र ३८० मागे एक, कारण लग्नं समाजातल्या समाजातच. आपल्याकडे मामे-आते भावंडांचं लग्न असेल, तर हिशेब सात हजारांत एकाच्या आसपास जातो. एक मूल आजारी निघालं की पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका चारांत एक.

वासावर भिस्त ठेवू नका. मेपल सिरप पुण्यात हुंगलंय कुणी? बाळाच्या लघवीला पाक करपल्यासारखा वास असतो. पण बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले, तरी बाळाच्या लघवीला तसाच येतो. दोन्हीकडे द्रव्य एकच, सोटोलोन. आमच्याकडेही खापर लाडवांवरच फुटलं.

खरी खूण म्हणजे दोन-तीन दिवसांचं बाळ दूध ओढेनासं होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी गुंगीत जातं, मधूनच ताठ होतं, सायकल मारल्यासारखे पाय हलवतं. याला जंतुसंसर्ग समजलं की मोलाचे दिवस जातात. रक्तातल्या अमोनियासोबत टँडम मासची, म्हणजे रक्तातली अमिनो आम्लं मोजणारी तपासणी मागा. टाचेच्या रक्ताने कार्डावरचं वर्तुळ एकाच बाजूने, एकाच थेंबात भरायचं. थेंबावर थेंब पडला की आकडा चुकतो. कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचं. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. ओलं कार्ड पिशवीत घालू नका.

रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. प्रथिनं बंद, १० टक्के ग्लुकोज सुरू; रक्तातलं ल्युसीन लिटरमागे १००० मायक्रोमोलच्या वर गेलं की बहुधा डायलिसिस. पण प्रथिनं दोन दिवसांपलीकडे बंद ठेवली, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि ल्युसीन पुन्हा चढतं. म्हणून ल्युसीनविरहित फॉर्म्युला, सोबत आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही दोन अमिनो आम्लं, ती कमी पडू नयेत म्हणून. पाच वर्षांपर्यंत ल्युसीन लिटरमागे ७५ ते २०० मायक्रोमोलमध्ये ठेवायचं. घरात साबुदाण्याची खिचडी चालते, पण दाण्याचा कूट अजिबात नाही.

सरकारी मदत २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणातून मिळते. २०२२पासून मर्यादा ५० लाख. त्यासाठी जायचं केईएम रुग्णालयात, म्हणजे पुण्याच्या रास्ता पेठेतलं नव्हे, मुंबईतल्या परळचं. हा घोळ हमखास होतो.

उपचार नसेल तर गंभीर प्रकारातली बहुतेक बाळं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावतात. वेळेत धरलं तर शाळेत जातात. यकृत प्रत्यारोपणाने पथ्य सुटतं, मेंदूची झालेली इजा भरून येत नाही.

ताप-उलट्यांत काय द्यायचं, ते डॉक्टरांच्या सहीने फाईलच्या पहिल्या पानावर लावलंय. रात्री दोनला कॅज्युअल्टीत तेवढंच वाचलं जातं.