सोंडेवाल्यांची ओळखपरेड

दुपारी डब्यातले तांदूळ ताटात ओतले आणि दाण्यांमधून एक काळपट तपकिरी ठिपका चालत निघाला. सोंडा. शहाण्या माणसाने ताट उचलून उन्हात ठेवलं असतं आणि विषय संपवला असता. मी भिंग शोधायला उठलो. माझी ही जुनी खोड आहे, समोर आलेल्या जिवाचं नाव कळल्याशिवाय मला त्याला हाकलता येत नाही. आगंतुक पाहुण्याला दाराबाहेर काढायचं, तरी निदान नाव विचारून काढावं ना!

संशयित तिघं, म्हणजे सोंड्याच्या तीन जाती, शास्त्रीय नावांनी: सायटोफिलस ग्रॅनेरियस, सायटोफिलस ओरायझी आणि सायटोफिलस झीमेस. (कडधान्यातला भुंगा या परेडमध्ये नाही. त्याला अशी सोंडच नसते, आणि उगाच गर्दी नको.)

पहिल्याला सोडून देणं सोपं असतं. ग्रॅनेरियसची पाठ एकरंगी, गडद आणि तुकतुकीत, तिच्यावर ठिपके नाहीत. मानेमागच्या ढालीवर जे बारीक खळगे असतात ते त्याचे लांबट, बाकी दोघांचे गोल. शिवाय त्याला उडता येत नाही. पाठीवरचे कठीण पंख एकमेकांना चिकटलेले आणि त्यांच्याखालचे उडायचे पंख खुंटलेले. तरी गडी फिरलाय किती! इंग्लंडात यॉर्कला रोमन काळातल्या धान्यकोठाराचं उत्खनन झालं, तिथल्या मातीत याचे अवशेष मिळाले. उडता येत नसताना समुद्र ओलांडला तो माणसाच्या धान्यात बसून. ज्याचं सामान कायम दुसराच वाहतो, त्याने पंख सांभाळावेत तरी कशाला, असं मला आपलं वाटतं. उत्क्रांती अशी आळशीपणाला बक्षीस देते का, ते जाणकारांना विचारायला हवं.

माझ्या ताटातल्याच्या पाठीवर चार तांबूस ठिपके होते, दोन खांद्यांशी, दोन खाली. भिंगाखाली आणताना बोट लागलं आणि तो लगेच मेला. म्हणजे सहाही पाय पोटाशी घेतले, सोंड खाली वळवली, कोपरात वाकलेल्या मिशा आवरल्या आणि आडवा झाला.

हे सोंग मी लहानपणापासून बघतोय. आजी धान्य निवडायला बसली की मी शेजारी जाऊन बसायचो, मदतीला नव्हे, सोंड्यांना मारून उठवायला. एकेकाला बोटाने ढोसायचं, तो पडला की श्वास धरून बघत राहायचं, आधी कोण हलतो, तो की मी. बहुतेक वेळा मीच. एकदा मी आजीला म्हटलं, "आजी, हा खरंच मेलाय." तिने मानही वर केली नाही. "मेला नाहीये रे, तुझ्यासारखा आहे. काम दिसलं की पडून राहतो." आजीच्या लेखी जाती दोनच, ताटातले किडे आणि ताटाबाहेरचे. तिचं निवडणं माझ्यापेक्षा कितीतरी लवकर आटपायचं.

असो. ओरायझी की झीमेस? इथून पुढे पुस्तकांची भाषा बदलते आणि माझं डोकं फिरायला लागतं. झीमेस सहसा मोठा असतो. सहसा जास्त काळा, जास्त तुकतुकीत. त्याचे ठिपके सहसा ठळक. त्यात आकाराचं असं, की अळी ज्या दाण्यात वाढली तो दाणा केवढा, यावर तो ठरतो. मक्यात वाढलेला ओरायझी चांगला थोराड निघू शकतो. आणि नावांवर तर जाऊच नका. ओरायझी तांदळाचा आणि झीमेस मक्याचा, हे फक्त कागदावर. दोघंही तांदूळ खातात, गहू खातात, मका खातात, ज्वारीही सोडत नाहीत.

त्यातल्या त्यात एक खूण बरी. ओरायझीच्या मानेमागच्या ढालीवर मधोमध एक उभी, खळगे नसलेली गुळगुळीत पट्टी असते. झीमेसचे खळगे मधल्या रेषेवरही पसरलेले असतात. मी भिंग डोळ्याला लावलं, खिडकीशी गेलो. पट्टी होती. म्हणजे ताट तिरपं धरलं की होती, सरळ धरलं की नव्हती.

मग जरा बरंही वाटलं, कारण गोंधळलेला मी एकटा नाही. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६३ मध्ये ओरायझीला नाव दिलं, कीटक अभ्यासक मोचुल्स्कीने १८५५ मध्ये झीमेसला. तरी त्यानंतर कित्येक वर्षं लोक एकाच सोंड्याचे 'लहान' आणि 'मोठा' असे दोन प्रकार म्हणून काम भागवत होते. १९६१ मध्ये कुशेल या कीटकशास्त्रज्ञांनी या नावांचा गुंता सोडवला. खात्रीची खूण आहे, पण ती आत आहे. नराचं जननेंद्रिय बाहेर काढून बघायचं. त्याची पाठ गुळगुळीत असेल तर ओरायझी, दोन उभ्या खाचा असतील तर झीमेस. मादीच्या पोटात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा एक कठीण तुकडा असतो. त्याच्या दोन फाट्यांची टोकं गोलसर तर ओरायझी, टोकदार तर झीमेस.

माझी तर मादी निघाली, एवढं बाहेरूनच कळलं. नराची सोंड आखूड, जाड, खडबडीत. हिची लांब, बारीक, गुळगुळीत. याच सोंडेने ती दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक स्वतःच्या चिकट स्रावाने असं लिंपून टाकते की नुसत्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. अभ्यासक दाण्यांना ॲसिड फुक्सिन नावाचा रंग लावतात, तेव्हा ती बुचं लाल होऊन दिसतात. आतल्या बिनपायांच्या अळीला दाणा हेच घर आणि हेच जेवण. पूर्ण सोंडा झाल्यावरच ती बाहेरचं जग बघते.

आता त्या वायचे फाटे बघायचे तर हिला मारायचं, पोट उघडायचं आणि सूक्ष्मदर्शक मिळवायचा. एवढं करून हाती येणार ते तिचं नाव. माझी खोड इथपर्यंत येऊन थांबली. वहीत लिहून ठेवलं, "सायटोफिलस, मादी, बहुधा ओरायझी." कीटकांचा एखादा जाणकार हे वाचून हसेल. हसू दे.