कार-टीसाठी पेशी काढून घेताना

माझा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, उलटला आणि डॉक्टरांनी कार-टी सुचवली, म्हणजे आपल्याच पेशी काढून, बदलून कॅन्सरवर सोडायच्या, तेव्हा घरात चर्चा झाली ती पैशांचीच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत तीन-चार कोटींना मिळणारं औषध इथे चाळीस लाखांच्या आसपास. स्वस्त म्हणायचं ते याला!

पैशांची सोय कशीबशी लागली, पण खरी कसोटी वेगळीच निघाली. या उपचाराला कच्चा माल लागतो तो आपल्याच टी-पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, आणि आधीच्या केमोने नेमक्या त्याच पेशींची वाट लावलेली. म्हणून केमो थांबवली, स्टिरॉइडही बंद केलं, कारण त्यानेही या पेशी मार खातात. लिम्फोसाइटचा (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा) काउंट वर येईपर्यंत थांबायचं, आणि तिकडे मानेतल्या गाठी रोज हाताला मोठ्या लागतात. पेशी काढण्याच्या दिवसापेक्षा हे थांबणं मला कितीतरी जड गेलं.

एचआयव्ही आणि कावीळ बी, सीच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या. माझ्या शिरा केमोने कडक झालेल्या, त्यामुळे मानेतल्या मोठ्या शिरेत नळी टाकावी लागेल असं धरूनच गेलो होतो. पण दोन्ही कोपरांशी एकेक शीर सापडली. एका हातातून रक्त यंत्रात जातं, तिथे ते गरगर फिरून थर वेगळे होतात, पांढऱ्या पेशींचा थर पिशवीत जमतो आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. अंगात पाचेक लिटर रक्त असतं, तेच पुन्हा पुन्हा फिरवतात. त्यामुळे चार-पाच तास सहज जातात.

‘‘काका, ओठांना मुंग्या आल्या की लगेच सांगायचं, सोसत बसायचं नाही,’’ सिस्टरनी बजावलं होतं. नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. मुंग्या आल्याच. सांगितलं, तर शिरेतून कॅल्शियम वाढवलं आणि थोड्या वेळात बरं वाटलं. थंडी वाजत होती म्हणून ब्लँकेट दिलं. दुखलं फारसं नाही, पण हात वाकवायची सोय नाही. नाक खाजलं की बायकोला हाक. लघवीचं भांडंही पलंगावरच. ज्यांना लाज वाटते त्यांनी सुरू होण्याआधीच जाऊन यावं.

शेवटी पिशवीत जमलं ते फिकट लालसर पाणी. दोघांनी माझं नाव आणि नंबर मोठ्याने वाचून ताडून पाहिला, कारण या पेशी दुसऱ्या कुणालाही चालत नाहीत. प्रयोगशाळेत निकामी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवा जनुक घालतात. मग या बदललेल्या पेशी बी-पेशींवरची (माझा लिम्फोमा याच पेशींचा) सीडी१९ ही खूण ओळखून हल्ला करतात. याला काही आठवडे लागतात. तोवर गाठी आवरायला डॉक्टरांनी स्टिरॉइड पुन्हा सुरू केलं. पेशी निघाल्या होत्या, आता चालत होतं.