काळी वायर

सकाळी साडेसातला नौपाड्यातून काकूंचा फोन. "बल्ब बंद केला तरी रात्रभर मिणमिणतो रे. आत्ता होल्डर पुसायला गेले तर असा झटका बसला की हातातलं फडकं उडालं." काकू सत्तरीच्या, एकट्या राहतात. चहा तसाच ठेवून निघालो.

ओट्याच्या वर नवा होल्डर होता. बटन बंद करून, बल्ब काढून काकू ओलं फडकं फिरवत होत्या. लाकडी स्टूल आणि पायात रबरी चप्पल, म्हणून झटक्यावर निभावलं. बटन बंदच ठेवून मी होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. भक्कन पेटला.

बोर्ड उघडलं. लाल वायर सरळ होल्डरला गेलेली आणि काळी बटनातून फिरवलेली. म्हणजे बटन न्यूट्रलवर, करंट परत नेणाऱ्या वायरवर! बंद केलं की उजेड जातो, पण फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, होल्डरपर्यंत जिवंतच असते. एलईडीला एवढीशी गळतीही पुरते, म्हणून ते मिणमिणणं.

"हे कोणी जोडलं, काकू?"

जरा वेळाने म्हणाल्या, "लेकाने. दिवाळीत आला होता ना न्यू जर्सीहून."

व्हिडिओ कॉल लावला. तो बिचारा हादरलाच. "दादा, काळी म्हणजेच फेज ना?"

त्याच्याकडे तसंच आहे. अमेरिकेत काळी फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची तार अर्थिंगची. आपल्या जुन्या घरांत लाल, पिवळी, निळी हे तीन फेज आणि काळी न्यूट्रल. युरोपात तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल, आणि आपल्या मिक्सर-इस्त्रीच्या कॉर्डमध्येही तेच रंग येतात. एकाच घरात भिंतीतली निळी फेज असू शकते आणि कॉर्डमधली निळी न्यूट्रल. शिवाय त्याच्याकडे दिव्याच्या लाइनला 120 व्होल्ट, इथे 230.

त्याचं काम खरंच स्वच्छ होतं; टोकं नीट सोललेली, स्क्रू घट्ट. त्याचं एक वाक्य मात्र मनात रुतलं. "इथे नवा पॉइंट काढला तर परमिट काढावं लागतं, इन्स्पेक्टर येऊन बघतो. तिकडे मला कोणी विचारलंच नाही."

खरं आहे. आपल्याकडे मीटर घेताना परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जातो. त्यानंतर घरातलं बोर्ड कोण उघडून बघतं? जळल्याचा वास आला की आम्हाला फोन. इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनुसार भाड्याच्या घराचं वायरिंग निदान दर 5 वर्षांनी तपासून घेणं मालकाला बंधनकारक आहे. आपल्याकडे दहा वर्षांनी एकदा झालं तरी मी पहिला जाऊन उभा राहीन. पंचवीस वर्षं हे काम करतोय, काळे पडलेले हात पाहिलेत.

वायरी बदलून दिल्या आणि 30 मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवायला घेतली. चढवली की पडायची. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून एकेक लाइन सोडवत गेलो तेव्हा बाथरूमच्या बोर्डात सापडलं: कुणीतरी कधीकाळी न्यूट्रल तुटली म्हणून गीझरला चक्क अर्थिंगमधून न्यूट्रल दिलेली. त्याच गीझरच्या पाण्याने काकू रोज आंघोळ करत होत्या. ती लाइन नवीन ओढायला संध्याकाळचे सहा वाजले.

रात्री दहाला पुन्हा फोन. "बल्ब विझलाय रे. अगदी काळाकुट्ट."