किती गुणी बाळ!

"किती गुणी बाळ गं! रडत म्हणून नाही." शेजारच्या काकू पाळण्यात डोकावून म्हणाल्या आणि भाचीचा हात थांबला.

ती दोन चमच्यांच्या मध्ये गोळी चुरत होती. एवढीशी गोळी. चमचाभर अंगावरच्या दुधात ती भुकटी कालवायची, तळाशी कण राहिला तर दोन थेंब दूध घालून तोही पाजायचा. रोज, ठरल्या वेळी.

पोरगी चोवीस दिवसांची. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेतले, तेव्हा हिच्या सासूबाई (आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा) कुरकुरलो होतो, एवढ्याशा जिवाला कशाला टोचताय? टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) भलताच वाढलेला निघाला. म्हणजे पोरीची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच पुरेसं काम करत नव्हती. नवव्या दिवशी थायरॉईडची गोळी सुरू.

जन्मल्या जन्मल्या बहुतेकदा काही कळतच नाही. पोटात असताना आईचं थायरॉईड संप्रेरक थोडंफार बाळापर्यंत पोचलेलं असतं ना. मग हळूहळू बाळ झोपाळू होतं, कावीळ रेंगाळते, शी होत नाही, रडणं बारीक होतं. आणि आपण म्हणतो, शांत आहे! पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मेंदूची वाढ सहसा नीट होते. उशिराने झालेलं नुकसान मात्र पुरतं भरून निघत नाही.

काकूंना कुणीच काही बोललं नाही.

संध्याकाळी मात्र बाईसाहेबांनी असा टाहो फोडला की भाची हसायलाच लागली. म्हणाली, "रड गं, रड!"

तुमच्या बाळाची टाचेची तपासणी झाली होती का?