प्रोटेक्टचा लाल दिवा: सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर जुळवताना आलेला माझा अनुभव

गाडीसाठी सबवूफर (बेसचा, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर) आणि त्याला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर एकाच दुकानातून, दुकानदाराच्याच सल्ल्याने घेतले, म्हणजे ते एकमेकांशी जुळणारच, अशी ग्राहकाची समजूत असते आणि ती अवाजवी नाही. पुण्यातल्या ज्या दुकानात मला याच्या उलट अनुभव आला, त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सबवूफर 12 इंची, दोन कॉइलचा (कॉइल म्हणजे स्पीकरमधले तारेचे वेटोळे), प्रत्येक कॉइल 4 ओहम रोधाची आणि आरएमएस, म्हणजे सलग पेलण्याची, क्षमता 300 वॉट. अ‍ॅम्प दोन चॅनलचा: 4 ओहमवर प्रत्येक चॅनलला 100 वॉट, 2 ओहमवर 150 आणि दोन्ही चॅनल ब्रिज केल्यास, म्हणजे एकत्र जोडून एकाच स्पीकरला दिल्यास, 4 ओहमवर 300. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला हजारांतला पीक (क्षणिक कमाल) आकडा मी विचारात घेतला नाही आणि कोणीही घेऊ नये. तुलना करायची ती आरएमएसचीच. डिक्कीतला बॉक्स, वायरिंग, स्टिरिओची जोडणी हे सगळे विनातक्रार पार पडले.

अडले ते आवाज वाढवल्यावर. हळू आवाजात बेस उत्तम येत होता, परंतु जरा मोठ्याने गाणे लावले की अ‍ॅम्पवरचा प्रोटेक्टचा, म्हणजे अ‍ॅम्प बचावासाठी स्वतःहून बंद झाल्याचा, लाल दिवा लागे आणि बेस एकदम नाहीसा होई. दुकानातल्या कारागिराने आधी बॅटरीला दोष दिला, मग अर्थिंगच्या वायरला, आणि शेवटी कपॅसिटर (वीज साठवून ऐन वेळी पुरवणारा भाग) विकत घ्या म्हणून आग्रह धरला. खरे कारण जोडणीत होते. त्याने दोन्ही कॉइल समांतर जोडल्या होत्या, म्हणजे एकूण रोध 2 ओहम झाला होता, आणि त्या दोन ओहमवर अ‍ॅम्प ब्रिज केला होता. ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पच्या प्रत्येक चॅनलला जोडलेल्या रोधाच्या निम्माच रोध जाणवतो. इथे तो 1 ओहम होता आणि हा अ‍ॅम्प प्रत्येक चॅनलला 2 ओहमच्या खाली चालवण्यासाठी बनवलेलाच नव्हता. हे मी पुन्हा पुन्हा सांगितले, तरी प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळे: ‘‘साहेब, आम्ही रोज बसवतो. ओहम कमी केल्याशिवाय बेस वाढत नाही.’’

अखेर तापकीर गल्लीतून मल्टिमीटर घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो. सबवूफरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवून सगळ्यांसमोर मोजणी केली. एकटी कॉइल 3.6 ओहम, दोन्ही समांतर 1.8. (मीटरवरचा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमी येतो, त्यात दोष नाही.) शेजारी अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकातले, ब्रिजसाठी किमान 4 ओहम असे स्पष्ट छापलेले पान उघडून ठेवले. तेव्हा कुठे मालक गल्ल्यावरून उठून आले, त्यांनी स्वतः ते वाचले आणि कपॅसिटरचा विषय मागे पडला.

त्यांनी कॉइल एकसर जोडून 8 ओहम करून देण्याची तयारी दाखवली. ती जोडणी सुरक्षित असते, परंतु त्यावर या अ‍ॅम्पमधून साधारण 200 वॉटच मिळतात. एकेका चॅनलला एकेक कॉइल दिली तरी हिशेब तोच राहतो. पैसे 300 वॉटचे मोजले असल्याने मी नकार दिला आणि 2 ओहमवर 300 वॉट देणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प बदलून मागितला. बरीच घासाघीस झाली, पण वरचा फरक भरून तो मिळाला. त्याच समांतर जोडणीवर आता पूर्ण आवाजातही तो दिवा लागत नाही, याचे समाधान मोठे आहे.

अ‍ॅम्पवरचा गेन म्हणजे आवाज वाढवायचे बटण नव्हे; स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवून घ्यायचे ते बटण. बेस बूस्ट बंद करावा, सबवूफरची वायर सोडवावी, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून 50 हर्ट्झचा सलग सूर लावावा आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजावेत. वॉट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की हवा तो आकडा मिळतो. माझ्यासाठी 300 गुणिले 2 म्हणजे 600, त्याचे वर्गमूळ सुमारे 24.5 व्होल्ट. तिथे गेन थांबवावा.

खरेदीपूर्वीच सांगायला हवी होती अशी एक गोष्ट: पुढे असाच दुसरा सबवूफर जोडण्याचा विचार असेल, तर 4 ओहमच्या चार समान कॉइलमधून एका अ‍ॅम्पवर 2 ओहमची जोडणी साधता येत नाही. सगळ्या समांतर जोडल्या तर 1 ओहम आणि दोन-दोन एकसर जोडून त्या जोड्या समांतर केल्या तर 4 ओहम. त्यामुळे शेवटी एकूण किती ओहम होणार ते आधी ठरवावे, मग अ‍ॅम्प पाहावा.

आणि फ्यूज. माझ्या गाडीत तो डिक्कीत, अ‍ॅम्पजवळ बसवला होता. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण बॉनेटपासून डिक्कीपर्यंत गाडीभर फिरणाऱ्या वायरचे रक्षण करणे हे त्याचे काम आहे. अ‍ॅम्प बदलून घेतला त्याच दिवशी मी तोही हलवून घेतला.