धामापूरसाठी प्लायची होडी: सांधे भरले, कापड चढलं

चारही फळ्या तारेने शिवून झाल्या, आतले सांधे भरले, बाहेरून फायबरकापडही बसलं. काठपट्ट्या, हवाबंद कप्पे आणि रंग बाकी. होडी सिंधुदुर्गातल्या, डोंगरांमधल्या धामापूर तलावासाठी आहे, त्यामुळे एक गोष्ट आधी: समुद्रापेक्षा गोडं पाणी लाकडाला जास्त कुजवतं. खारात बुरशी दबते, गोड्या पाण्यात फोफावते. म्हणून प्लायच्या कापलेल्या प्रत्येक कडेला इपॉक्सीचे (रेझिनमध्ये हार्डनर कालवून घट्ट होणारं मिश्रण) दोन हात हवेतच. पाणी शिरतं ते कडेतूनच.

प्लाय 6 मिमी, आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक), 8 × 4 फुटी 2 शीट. घेण्याआधी तुकडा दोन-तीन तास उकळून पाहावा. थर सुटले तर शिक्का काहीही असो, माल परत. एका शीटच्या 4 पट्ट्या, करवतीची वाट सोडून जेमतेम 300 मिमी रुंद. दोन पट्ट्यांचा तिरकस जोड जाडीच्या आठपट, म्हणजे 48 मिमी. त्यातून सुमारे 4.8 मीटरची फळी मिळते.

भोकं 1.5 मिमीची, कडेपासून 8 मिमी आत, दर 100 मिमीला. टोकांशी बाक जास्त तिथे 50 मिमीला. तार तांब्याची, मऊ. (या किनाऱ्यावर काथ्याने शिवलेल्या होड्या पूर्वापार होत्या, तेव्हा पद्धत परकी नाही.) तारा पिळल्यावर लगेच सांधे भरू नयेत. दोन्ही टोकांजवळ एकेक सरळ काठी आडवी ठेवून एका टोकाकडून नजर लावायची. काठ्या समांतर दिसल्या नाहीत तर होडीला पीळ आहे. तो या घडीला तारा सैल करून निघतो. सांधे वाळले की होडी कायम एका बाजूला ओढणार.

मग तारांच्या मधल्या जागी थोडी थोडी लुकण (इपॉक्सीत लाकडाची पूड कालवून केलेली) भरून ती वाळू द्यायची, तारा काढायच्या, आणि त्यानंतरच सलग सांधा. लुकणीला लाकडाची बारीक पूड लागते. रंध्याचा भुसा चालत नाही. पॉलिश मशीनच्या पिशवीतली पूड चाळून घ्यावी. मिश्रण घट्ट श्रीखंडासारखं हवं, उभ्या सांध्यावरून ओघळता कामा नये. सांध्याला गोलाई द्यायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. त्यावर ओलं असतानाच 75 मिमी फायबरपट्टी.

आता इपॉक्सी, कारण कोकणात सगळं इथेच बिघडतं. वजनाने 100:10 प्रमाणाचं रेझिन असेल तर 200 ग्रॅमला 20 ग्रॅम हार्डनर. एका ग्रॅमपर्यंत अचूक काटा हवाच. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवू नका. उरलेला हार्डनर आत तसाच राहतो आणि थर कायमचा चिकट. एका वेळी याहून जास्त कालवू नये आणि कालवलं की लगेच पसरट ताटलीत ओतावं. मगात ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने तापून धूर सोडतं.

पहिला हात दुपार कलल्यावर, तापमान उतरताना द्यायचा. लाकडातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. सकाळी दिला तर उन्हासोबत तीच हवा फुगून थरभर बुडबुडे काढते. 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम) फायबरकापड चढवताना पांढरं दिसेल तिथे रेझिन कमी. फुगून वर आलं तर जास्त. पुढचे दोन हात आधीचा थर चिकट असतानाच द्यावेत, म्हणजे घासायची गरज नाही.

दमट हवेत वाळलेल्या थरावर तेलकट साय येते. पुढचा हात तिच्यावर धरत नाही. आधी साधं पाणी आणि हिरव्या घासणीने धुवायचं, कोरडं पुसायचं, मगच 120 नंबरचा पॉलिश पेपर. न धुता घासलं तर साय ओरखड्यांत जाऊन बसते. पावसाळ्यात हे काम हाती घेऊच नये. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

बंदरावर फायबर होड्यांचं पॉलिस्टर रेझिन स्वस्तात मिळतं. लाकडावर त्याची पकड कच्ची, वर्षा-दोन वर्षांत कापड सुटतं. प्लायला इपॉक्सीच.

पुढचं काम: 20 × 20 मिमी सागाच्या काठपट्ट्या. साग तेलकट, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसणं. नाळेला आणि मागे 60 सेंटिमीटरचे हवाबंद कप्पे, झाकणासह. होडी उन्हात पडून असताना झाकणं उघडी ठेवायची, नाहीतर आतली हवा तापून सांधे उकलते. शेवटी रंग, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही.

चाचणी माणूस बसवून नाही. 20 लिटरचे 4 कॅन भरून 80 किलो भार, पुढे-मागे सरकवून पाणरेषा पाहायची, बुडाच्या सांध्यांवर अर्धा तास लक्ष ठेवायचं. वेळ सकाळची, दुपारी खारा वारा सुटला की हलकी होडी फिरते. तलावाचा बांध 1530 सालचा, 2020 मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून नोंदलेला. त्याच्या दगडांवरून होडी ओढायची नाही, दोघांनी उचलून न्यायची. आधी ग्रामपंचायतीत विचारायचं आणि लाइफजॅकेट दोघांच्याही अंगात.