अल्बट्रॉस की कॉर्मोरंट

शनिवार, रात्री साडेअकरा

ठरलं एकदाचं. गालापागोस, दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरची बेटं, आठ दिवस, १६ प्रवाशांची बोट. महिना अजून ठरायचाय पण जागा ठरली. लेकीला मेसेज टाकला तर तिचा लगेच फोन, आई खरंच? मी म्हटलं खरंच, बाबांनी पण हो म्हटलंय. गेले पाच महिने डायनिंग टेबलावर नकाशा पसरलेला आहे, त्याच्यावर चहाचे दोन गोल डाग पडलेत, पण उचलायला मन होत नव्हतं, उचलला की विषय मागे पडेल असं वाटायचं.

ताई रोज विचारते की एवढ्या पैशात युरोपातले सात देश होतात, मग जिथे बघायला देऊळ नाही की राजवाडा नाही अशा समुद्रातल्या खडकांवर कशाला जायचं. तिला फोनवर धड सांगता येत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

ह्या सगळ्याची सुरुवात तारकर्लीला झाली. २०१४ चा डिसेंबर, आम्ही आणि भाच्याची दोन मुलं, सकाळी सातला डॉल्फिन बघायला बोटीत बसलो. समुद्र पार शांत होता. थोडं आत गेल्यावर दिसले, आपल्या किनाऱ्याला जे नेहमी दिसतात ते पाठीवर कुबड असलेले, हम्पबॅक डॉल्फिन. तीन होते, त्यातलं एक पिल्लू. आमच्या बोटवाल्याने इंजिन वाढवलं, तेवढ्यात दुसऱ्या बाजूने तीन बोटी आल्या, मग अजून दोन, सगळ्या त्यांच्या अंगावर, लोक शिट्ट्या मारतायत, टाळ्या वाजवतायत, आणि ते जिथे वर येतील तिकडे सगळ्या बोटींची तोंडं वळतायत. पिल्लू श्वास घ्यायला वर आलं की आई लगेच त्याला घेऊन खाली जायची. मी बोटवाल्याला म्हटलं, दादा, जरा लांब थांबूया ना. तो म्हणाला, ताई, नीट दिसलं नाही तर लोक पैसे परत मागतात. खोटं नव्हतं त्याचं. जवळून बघायचे पैसे आम्हीच मोजले होते. ते पिल्लू किती वेळा खाली गेलं ते मी मोजत होते, नऊपर्यंत मोजलं आणि मग मुलांना घेऊन किनाऱ्याकडे तोंड करून बसले. अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो.

मग दोन वर्षांनी वेळासला गेलो, मंडणगड तालुक्यातलं, कासवांचं वेळास. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी गावाला बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरतो. गावातल्याच एका घरी राहिलो, जेवायला सोलकढी, मोदक, अगदी साग्रसंगीत. सकाळी किनाऱ्यावर गेलो, सगळ्यांना दोरीच्या मागे उभं केलं, घरट्यावरची टोपली उचलली, काहीच नाही. संध्याकाळी परत गेलो, तेव्हाही नाही. कोणी कुरकुर केली नाही, गावातली पोरं सांगत होती की उद्या बघू, ती त्यांच्या वेळेला येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली ११ पिल्लं. लाटेपर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागला देव जाणे, मागे शंभरेक माणसं होती आणि फक्त लाटांचा आवाज. माझ्या शेजारच्या एक आजी हात जोडून उभ्या होत्या.

तेव्हापासून कुठली जागा निवडायची म्हटलं की मी फोटो नंतर बघते. आधी दोनच गोष्टी विचारते. एका वेळी किती माणसं उतरवतात, आणि प्राण्यापासून किती लांब थांबवतात. ज्याला ह्याचं उत्तर देता येत नाही, किंवा जो म्हणतो मॅडम अगदी हात लावून फोटो काढता येतील, त्याचा फोन मी तिथेच ठेवते.

यादीत पहिलं अंटार्क्टिका होतं. तिथले नियम मला फार आवडले, एका जागी एका वेळी १०० च्या वर प्रवासी उतरवायचे नाहीत, आणि ५०० च्या वर प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचं नाही. म्हणजे मोठं जहाज घेतलं तर पेंग्विन लांबून डेकवरूनच. पण अर्जेंटिनाच्या टोकाच्या उश्वायाहून निघाल्यावर ड्रेक पॅसेज नावाचा खवळलेला समुद्र ओलांडायला जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस, आणि ह्यांना खंडाळ्याच्या घाटात पण गोळी घ्यावी लागते. खर्च तर विचारायलाच नको. ते मनातून काढताना जीवावर आलं.

मग स्वालबार्ड, नॉर्वेच्या वरचं. पांढरी अस्वलं. तिथे २०२५ पासून नियम आणखी कडक झालेत, अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं आणि १ मार्च ते ३० जूनपर्यंत ५०० मीटर. आमच्या ओळखीचे एकजण म्हणाले मग दिसणार काय, ठिपका? मला उलट तो नियम वाचून बरं वाटलं, अर्धा किलोमीटर लांबून जरी दिसलं तरी ते आपलं आपलं चालत असेल, आपल्यामुळे पळत नसेल. ते कधीतरी जमवायचंच. पण थंडीचे कपडे, ह्यांचे गुडघे, सगळा विचार केला आणि नकाशावर बोट परत परत इक्वेडोरकडे जायला लागलं.

रविवार, दुपार

बोटीबद्दल लिहायचं राहिलं.

गालापागोस इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण हजार किलोमीटर आत समुद्रात आहे. १९५९ मध्ये नॅशनल पार्क झालं, १९७८ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, जमिनीचा ९७ टक्के भाग पार्कचा आहे आणि माणसांची वस्ती मोजक्याच बेटांवर. तिथे १०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला फिरायची परवानगीच नाही. आणि जहाज केवढंही असो, उतरल्यावर १६ माणसांमागे एक पार्कने मान्यता दिलेला गाइड, त्याच्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आखलेली वाट सोडायची नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब. समुद्रसिंह वाटेतच झोपला असेल तर आपण वळसा घालायचा.

मग १०० ची घ्यायची की १६ ची? १०० ची हलते कमी, केबिन मोठ्या, डॉक्टर असतो. ह्यांचा कल तिकडे होता. मी म्हटलं १६ ची घेतली तर सगळी बोट म्हणजे एकच गट, रबरी होडीत (तिथे पांगा म्हणतात तिला) चढायला रांग नाही, दुसरा गट परत येईपर्यंत थांबणं नाही, आणि संध्याकाळी गाइडच्या शेजारी बसून जेवताना विचारता येतं की दुपारी पाहिलेला तो पक्षी असं का करत होता. मला तर ते शेजारी बसून विचारणंच जास्त हवंय. शेवटी तडजोड अशी की छोटीच पण कॅटमरान घ्यायची, दोन सांगाड्यांची, ती आडवी कमी डोलते, आणि केबिन खालच्या डेकवर मधोमध. तिथे खिडकी छोटी असते पण हलणं सगळ्यात कमी. रात्री सगळे झोपलेले असताना बोट एका बेटावरून दुसऱ्यावर जाते, त्यामुळे डोलणं काय ते अंथरुणातच.

सराव म्हणून मागच्या जानेवारीत सुंदरबनला दोन रात्री बोटीवर झोपून आलो. नदीच ती, समुद्र नाही, पण छोट्या केबिनमध्ये दोघं मावतो का, रात्री इंजिनच्या घरघरीत झोप लागते का, ते कळलं. वाघ नाही दिसला. सुधन्यखालीच्या टेहळणी मनोऱ्याच्या आधी एका चिखलाच्या उतारावर ताजे पंजे दिसले, पाण्यातून वर चढून गेल्याचे, बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि आम्ही वीस मिनिटं त्या पंजांकडे बघत बसलो. हे म्हणाले, मला हे पुरेसं आहे. तेव्हाच मला कळलं की ह्या माणसाला घेऊन कुठेही जाता येईल.

बुधवार, रात्री उशिरा

आज महिना ठरला, पण त्याआधी दोन दिवस घरात दोन पक्षांची ओढाताण चालू होती. पक्ष म्हणजे खरंच पक्षी.

झालं असं, की तिथली कुठलीही बोट एका आठवड्यात सगळं दाखवू शकत नाही. पार्कने प्रत्येक बोटीचा रस्ता आखून दिलाय आणि एकाच ठिकाणी १४ दिवसांच्या आत परत जाता येत नाही, म्हणून बोटी एक आठवडा एका बाजूला आणि दुसरा आठवडा दुसऱ्या बाजूला जातात. पश्चिमेला गेलं तर फर्नांदिना आणि इसाबेला, तिथे तो न उडणारा कॉर्मोरंट, आपल्याकडच्या पाणकावळ्याचा भाऊबंद. तळ्याकाठी आपला पाणकावळा पंख वाळवत बसतो ना, हा पण तसाच बसतो, फक्त पंख आखूड, उडण्याच्या कामाचे राहिलेलेच नाहीत. जमिनीवर पकडणारं कोणी नाही आणि खाणं सगळं पाण्याखाली, त्यामुळे पिढ्यानपिढ्या पाय दणकट होत गेले आणि पंख लहान. जगात दुसरीकडे कुठेही नाही. ह्यांनी त्याचा फोटो बघितल्यापासून त्यांना तोच बघायचा होता. रोज सकाळी पाषाण तलावावर फिरायला जातात आणि पाणकावळ्यांकडे बघत बसतात, म्हणून असेल.

आणि मला अल्बट्रॉस. तो दक्षिणेला, एस्पान्योला बेटावर. वेव्ह्ड अल्बट्रॉस जवळजवळ सगळेच्या सगळे त्या एका बेटावर अंडी घालतात, वर्षाला एक अंडं. पंख पसरले की दोन मीटरच्या वर, एवढं धूड की जमिनीवरून उठायला जड जातं, मग चालत चालत कड्याच्या टोकाशी येतो आणि वाऱ्यावर स्वतःला सोडून देतो. खाणं शोधायला पेरूच्या किनाऱ्यापर्यंत जातो आणि तिथे मासेमारीच्या गळांत, जाळ्यांत अडकून मरतो. आज त्याची गणना अगदी नष्ट होण्याच्या काठावरच्या पक्ष्यांमध्ये होते. जोडीदार बरेच महिने लांब असतात, मग एप्रिलच्या सुमारास बेटावर परत येऊन एकमेकांना शोधतात, समोरासमोर उभे राहून चोचीवर चोच वाजवतात, माना हलवतात, चोच आकाशाकडे करून ओरडतात. जानेवारी ते मार्च गेलं तर बेटावर एकही नसतो. म्हणजे लेकीच्या सोयीची फेब्रुवारीची सुट्टी धरली असती तर मला रिकामा कडा दिसला असता, आणि हे कोणत्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नव्हतं, मला फोन करून विचारावं लागलं.

दोन आठवडे घेतले तर दोन्ही दिसतील, पण माणशी साडेचार लाख एका आठवड्याचेच होतायत, विमानं सोडून, वर पार्कची फी २०० डॉलर (२०२४ च्या ऑगस्टपर्यंत १०० होती). तेवढं नाही झेपणार.

आज जेवताना हे आपण होऊन म्हणाले, आपण एस्पान्योलाला जाऊ. मी म्हटलं, आणि तुमचा कॉर्मोरंट? तर म्हणाले, तो काय, कुठे जात नाही, तिथेच बसलेला असतो बारा महिने. तुझा यायचा-जायचा आहे. चौतीस वर्षं संसार करतोय, पण भात कालवता कालवता हे वाक्य बोलून ते ताक घ्यायला उठले तेव्हा मला दोन मिनिटं काही बोलता आलं नाही.

मग मे ठरला. मे मध्ये पाणी अजून उबदार असतं, जूनपासून थंड प्रवाहाचा जोर वाढतो, समुद्र उसळतो, धुकट झिमझिम सुरू होते, तेव्हा ह्यांच्या पोटाच्या दृष्टीनेही तोच महिना बरा. अल्बट्रॉस आलेले असतील, बरेचसे अंड्यावर बसलेले, काही अजून नाचत असतील.

कामं आठवतील तशी टाकते. यलो फीवरची लस, कारण इक्वेडोर त्या तापाच्या देशांच्या यादीत आहे आणि सर्टिफिकेट नसेल तर भारतात परत येताना वेगळं ठेवू शकतात, लस निघायच्या किमान दहा दिवस आधी हवी. व्हिसा. बुटांचे तळवे घासून स्वच्छ करायचे, बियाणं-माती बेटावर गेलेली त्यांना चालत नाही. चकल्या, लाडू काही न्यायचं झालं तर आधी विचारून. लेक ह्यूस्टनहून थेट इक्वेडोरच्या राजधानीला, क्वितोला भेटेल, बेटांची विमानं तिथून नाहीतर ग्वायाकिलहून.

शुक्रवार

अॅडव्हान्स भरला. बोटीचा रस्ता मेलवर आला, त्यात फ्लोरियाना बेट आहे. तिथे पोस्ट ऑफिस बे म्हणून एक जागा आहे, किनाऱ्यावर एक लाकडी पिंप. देवमाशांची शिकार करणारी जहाजं पूर्वी त्यात पत्रं टाकायची आणि घराकडे निघालेलं दुसरं जहाज ती उचलून न्यायचं. ती पद्धत अजून चालू आहे. आपण आपलं कार्ड तिकीट न लावता टाकायचं, आणि आतली कार्डं चाळून आपल्या गावाजवळचा पत्ता सापडला तर ते घेऊन यायचं आणि स्वतः नेऊन द्यायचं.

मी आजच लक्ष्मी रोडवरून चार कोरी कार्डं आणली. एक ताईला, एक वेळासला ज्यांच्या घरी राहिलो त्यांना. दोन कोणाला ते अजून ठरत नाहीये.

हे विचारत होते, आणि त्या पिंपात आपल्याला पुण्याचा पत्ता मिळाला तर? मी म्हटलं, तर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी रिक्षा करून देऊन येऊ. आणि नाशिकचा मिळाला तर?

तर एसटीने नाशिकला.